पहिला इंच

कात्री खाली ठेवली आणि वसुधाला तो इंच आठवला.

डाळिंबी रेशीम चार पदरी घडीतच कापून झालं होतं. आईच्या टेपेला पहिला इंच नव्हता. टोक झिजलं तेव्हा आईनं ते कापून टाकलं आणि पितळेची पट्टी पुन्हा एकच्या आकड्यावर ठोकून घेतली. माप घेताना ती एक वजा करायची, कापड बेतताना एक मिळवायची. नवी टेप तिनं कधी आणू दिली नाही. "टेप बदलली की हात बदलतो," म्हणायची. आज वसुधा एक मिळवायला विसरली होती. एका पदराला एक इंच कमी, म्हणजे छातीला चार.

मैत्रिणीचं, कुंदाचं लग्न परवा होतं. ब्लाउजचं हे कापड गेल्या आठवड्यात तिच्या सासरहून आलं होतं, अगदी मोजकं. तसलं दुसरं अख्ख्या मालाडात नव्हतं. आई जाऊन महिना झाला होता, आणि त्यानंतर वसुधानं बेतलेलं हे पहिलंच कापड. ते बिघडलं तर चाळीतल्या बायका पुन्हा या खोलीत शिवण घेऊन आल्या नसत्या. त्यांना बोल तरी कसा लावणार?

भिंतीवर आईचा पुठ्ठा तसाच होता. टपालानं येणाऱ्या शिवणाच्या धड्यांवरून आई घरबसल्या बेतायला शिकली. त्या धड्यांतली कोष्टकं तिनं पुठ्ठ्यावर उतरवून घेतली होती आणि खाली आपल्या मनाची दोन वाक्यं घातली होती: 'कापण्याआधी पुन्हा मोजावे. उठण्याआधी उद्याचा दोरा सुईत ओवावा.' दुसरं वाक्य तिनं एकही दिवस मोडलं नाही. रिकाम्या सुईपुढे बसलं की अर्धी सकाळ वाया जाते, असं तिचं म्हणणं.

कुंदाला काय सांगायचं ते सुचेना. म्हणून वसुधानं ते तुकडे पांढऱ्या दोऱ्यानं, हातानंच कच्चे जोडायला घेतले. जोडून झाले तरी सुचलं नव्हतं.

तीन वाजता कुंदा आली. हातांना मेंदीचा वास, तोंड सुरू.

"झालं का गं? सासूबाईंचा निरोप आलाय, बाही कोपराच्या वर नको. जसं काही मी सर्कशीत निघालेय!"

"कुंदा, थांब जरा. मला तुला..."

"आधी घालून तर बघू दे. बोल नंतर." तिनं ब्लाउज हातातून घेतला आणि पडद्याआड गेली.

वसुधा पडद्याकडे बघत उभी राहिली. शिवण उसवल्याचा आवाज येईल, नाहीतर कुंदाची हाक.

पडदा सरला. कुंदानं दोन्ही हात वर केले, खाली केले, आरशात पाठ पाहिली.

"काय गं बाई! काकूंनीच बेतल्यासारखा बसलाय."

बसला होता. खांद्यावर, काखेत, पाठीवर. कुठे सुरकुती नव्हती.

"हात वर कर," वसुधा म्हणाली. तिनं टेप कुंदाच्या छातीभोवती घेतली. आकडा तेहतीस. एक वजा, बत्तीस. तिनं मापांची वही उघडली. आईच्या हातचं शेवटचं पान: 'कुंदा, लग्नाचा. छाती छत्तीस.' पंधरा पानं मागे गेल्या दिवाळीचं कुंदाचंच माप होतं. बत्तीस.

ती पुन्हा शेवटच्या पानावर आली. छातीला चार इंच जास्त. उंचीला एक. बाहीच्या लांबीला एक. जिथे जेवढं कमी पडणार होतं, तिथे तेवढंच.

"एवढी गप्प का गं? लग्न माझं आहे ना?"

"तुझं माप घेतलं तेव्हा आईला बरं नव्हतं का?"

"छे! चांगल्या हसत होत्या. चहा केला मला. फिटिंगला कधी येऊ विचारलं, तर म्हणाल्या, ते वसूला विचार. मी म्हटलं, काकू, वसू बेतणार? माझी वाट लागली मग! तर म्हणाल्या, तिचा हात धरूनच लिहिलंय." कुंदा एकदम थांबली. "चार दिवसांनी गेल्या ना गं त्या?"

"हो. नळावरून वर येताना जिन्यात बसली."

कुंदानं ब्लाउज उतरवला, घडी करून तिच्या हातात दिला. आवाज आता खाली आला होता. "जुळता दोरा मिळाला का?"

"नाही अजून. आत्ता जाऊन आणते."

"मग संध्याकाळी येते मी."

ती गेल्यावर वसुधानं पायात चपला घातल्या. मग वाटलं, निघण्याआधी मशीनला तेल घालून ठेवावं. आईचं शेवटचं काम पांढऱ्या परकरांचं होतं. उरलेले परकर वसुधानं हातानं शिवून देऊन टाकले होते. मशीनवरची निळी खोळ आई गेली त्या दिवसापासून कोणी काढली नव्हती. तिच्यावर धुळीचा सारखा थर होता, एका बोटाचाही ठसा नसलेला.

तिनं खोळ उचलली.

सुई ओवलेली होती. दोऱ्याचं टोक बोटभर मोकळं, मागच्या बाजूला वळवलेलं, आई ठेवायची तसं. दोरा डाळिंबी होता.

वसुधानं चपला काढल्या आणि मशीनपुढे बसली. दोरा कापडाशी लावून पाहिला नाही.