तापाचा शनिवार

शाळकरी मुलींना एकेक मोठी ताई जोडून देणाऱ्या संस्थेत मी वर्षभर जात होते. म्हणजे, जायला हवं होतं. दर शनिवारी अकरा वाजता वाचनालयात भेटायचं, मुलीने भेटवहीत दोन ओळी लिहायच्या, खाली ताईने सही करायची. तीन खाडे झाले की जोडी मोडायची, असा नियम.

माझे सात झाले होते. दर वेळी मला जोडून दिलेल्या मुलीच्या आईच्या फोनवर एक नवी थाप पाठवून मी मोकळी व्हायचे.

वर्ष संपताना संस्थेच्या बाईंनी वही तपासायला घेतली. बाईंनी पानं चाळली आणि कौतुकाने मान डोलावली.

"एकही खाडा नाही. सात ठिकाणी सही तेवढी राहिलीये. विसराळूच आहात हं तुम्ही, करून टाका."

वही घेऊन मी पोरीला बाजूला नेलं. "अगं, मी आले नव्हते तेव्हाचंही लिहून ठेवलंयस?"

"तीन खाडे झाले की दुसरी ताई देतात," बुटाच्या नाडीशी चाळा करत ती म्हणाली. "मला तुम्हीच हव्या होतात."

मी पेन उघडलं. एकामागून एक सहा सह्या केल्या. सातवं पान त्या शनिवारचं होतं, ज्या दिवशी ताप आलाय असं कळवून मी पार्लरमध्ये केस रंगवून घेत बसले होते.

तिथे तिने लिहिलं होतं, "आज ताईंना ताप होता. तरी त्या आल्या."