अप्पांचा खाडा

शिवलीला प्रयोगशाळेत कामगारांच्या केसांतलं शिसं मोजायची. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, आणि त्या महिन्यात अंगात गेलेलं शिसं तेवढ्या तुकड्यात उतरतं.

तिच्या वडिलांना, रुद्रप्पांना, लेकीचा भारी अभिमान. "माजाबी केस तपास की," ते म्हणाले.

ते कामाला होते तो बॅटरीचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. शेडही पाडली होती. तो पुन्हा सुरू होईस्तोवर कात्री लावायची नाही, म्हणून त्यांनी सिद्धेश्वराच्या नावानं खांद्यापर्यंत केस राखले होते.

मुळाकडचा, कारखाना बंद झाल्यावर वाढलेला केस स्वच्छ निघेल, असं शिवलीलाला वाटलं होतं. पण प्रत्येक तुकड्यात भट्टीवरच्या माणसाइतकं शिसं निघालं. तिनं दुसरा केस धुऊन तपासला. आकडे तेच. फक्त श्रावणातला तुकडा कोरा.

संध्याकाळी तिनं विचारलं, "अप्पा, यंदा श्रावणात काय झालं होतं?"

रुद्रप्पा ओशाळले. "म्हैनाभर तापानं पडलो व्हतो की." मग त्यांची मान ताठ झाली. "तेवढाच एक खाडा. बाकी तुज्या बापानं एक पाळी चुकवली न्हाय."

आणि काळे झालेले हात धुवायला ते मोरीकडं वळले.