बटणांचा रिमोट

"अर्धा गेलाय," मोहना सेल्समनला म्हणाली. "उजवी बाजू नुसती काळी. अर्ध्यावर किती दिवस काढायचे माणसानं?"

लहरीपुऱ्यातल्या त्या दुकानात, खुर्चीवर बसवलेल्या जयवंतरावांकडे गुजराती सेल्समननं एकदा पाहिलं आणि नजर घाईघाईनं भिंतीवरच्या टीव्हींकडे नेली. मोहनानं नवऱ्याच्या लुळ्या उजव्या हातावरची शाल सारखी केली. "ह्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात चमचासुद्धा येत नाही. म्हणून मुद्दाम रिक्षा करून आणलं."

जयवंतरावांचा डावा हात सदऱ्याच्या खिशात होता. मुठीत घरच्या टीव्हीचा रिमोट. झाकण केव्हाच हरवलेलं, सेल पडू नयेत म्हणून वरून पिवळं रबर. बटणांवरचे आकडे पुसून गेले होते, पण अंगठ्याला पाठ होते. अंगठा दाबला की बातम्या, दाबला की क्रिकेट, दाबला की काळोख. अख्ख्या घरात त्यांचं म्हणणं ऐकणारं एवढं एकच उरलं होतं.

बाकी जगाशी बोलायला त्यांच्यापाशी एक शब्द होता. श्रावणातल्या एका सकाळी मोहनाला दटावता दटावता झटका आला, आणि ओठांवर होता तो शब्द तेवढा राहिला. बाकीचे गेले. पाणी हवं, गप. पाठ दुखते, गप. दिवा लाव गं, गप. मनात वाक्य अख्खं असायचं. ओठांच्या उंबऱ्याशी आलं की त्याचं तेच होऊन जायचं.

कोपऱ्यात एक बेताच्या आकाराचा टीव्ही होता. त्याच्यासमोर ठेवलेल्या रिमोटवर ठसठशीत आकड्यांची बटणं. जयवंतरावांनी खिशातून हात काढला आणि रिमोट धरल्या मुठीतलं एक बोट सोडवून तिकडे दाखवलं.

मोहनानं बोटाच्या दिशेनं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग सेल्समनला विचारलं, "बटणं दाबावीच लागत नाहीत, असा नाही का तुमच्याकडे?"

"हां ने, आंटी. आ जुओ, हा बघा, पासष्ट इंच. रिमोट तर खोक्यातच पडून राहील. फक्त बोलायचं. मराठी पण समजते."

भिंतभर मोहरीचं शेत होतं. पिवळ्याजर्द फुलांत उभी राहून कुणी एक बाई मोठ्यानं गात होती.

"बोलायचं म्हणजे काय?"

"जे करवून घ्यायचं ते. हुकम करो."

मोहना पदर सावरून पुढे झाली. घसा खाकरला. हुकमाचे शब्द काही तोंडात येईनात. "आवाज... आवाज जरा कमी करता का?"

आवाज कमी झाला.

ती थबकली. मागे वळून एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा समोर. "अजून कमी कर." झाला. "आता वाढव." वाढला. "पहिल्या सांगण्यात ऐकतो," ती म्हणाली, कुणाला असं नाही.

"अंकल, तुम्ही पण बोला ने काही," सेल्समन लाघवीपणानं म्हणाला.

जयवंतरावांनी मनात एकेक शब्द गोळा केला. बायकोची विनवणी त्यांनी जन्मात केली नव्हती, त्यामुळे जुळवायला वेळ लागला. मोहना, बटणांचा घे. एवढं एक माझं राहू दे. पाया पडतो तुझ्या. सगळे शब्द ओळीनं आले, ओठांपर्यंत नीट आले.

"गप."

पडदा गप्प झाला. मोहरीतली बाई गातच होती. तोंड उघडत होती, मिटत होती, गळ्याची शीर ताणली जात होती. आवाज नव्हता.

सेल्समननं टाळी वाजवली. "जुओ, अंकलनुं पण माने छे! अंकलचं पण ऐकते!"

मोहना त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ, की सेल्समनला वाटलं, हा काही ह्यांना पसंत नाही.

"हाच द्या," ती म्हणाली. "ह्यांच्या शब्दात आहे."

"जुना टीव्ही एक्सचेंजमध्ये जाईल, आंटी. माणसं न्यायला येतील तेव्हा त्याचा रिमोट पण साथे द्या."

"तो आत्ताच घ्या की."

ती नवऱ्यापुढे खाली बसली आणि तान्ह्याच्या मुठीतून केस सोडवावेत तशी हलक्या हातानं एकेक बोट उलगडू लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. अंगठा शेवटपर्यंत कुठलंसं बटण दाबून होता. भिंतीवरचे टीव्ही आपापले चालू होते, एकाचंही चित्र बदललं नाही. अंगठाही सुटला. मोहनानं रिमोटवरचं पिवळं रबर तेवढं काढून घेतलं, बांगड्यांच्या मागे मनगटात सरकवलं, आणि रिमोट सेल्समनच्या हातावर ठेवला.

"गप," जयवंतराव म्हणाले. "गप. गप." डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. टीव्ही तर केव्हाचा गप्पच होता.

मोहना गुडघ्यावर हात टेकून उठली. त्यांच्या कानांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती अशी माया तिच्या आवाजात उतरली.

"बोल आता," ती म्हणाली. "मोकळेपणानं बोल."

उभ्या संसारात तिनं त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तरीही जयवंतरावांनी मान वर केली, आणि तोंड उघडलं.

तिची पाठ त्यांच्याकडे होती. मोहरीच्या शेतातून बाईचा आवाज आला.