थेंबातल्या घंटा

"गूळ दोनच किलो उरलाय, मॅडम," म्हणत गहिनीनाथकाकांनी शेणाच्या पाण्यात ढेप कुस्करली आणि बादली सांडपाणी केंद्राच्या टाकीत ओतली.

या टाकीतले डोळ्यांना न दिसणारे जीव शहराचं सांडपाणी निवळतात, मगच ते पाणी नदीत सोडलं जातं. नऊ दिवसांपूर्वी कुणीतरी गटारात ॲसिडचा टँकर रिकामा केला आणि ते जीव जवळजवळ सगळे मेले. तेव्हापासून नदीत काळं पाणी जात होतं. खालच्या गावातली काकांची म्हैस काठापर्यंत यायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवायची.

"आजाऱ्याला भरवतात तसं भरवतोय यांना," काका म्हणाले. "तुम्ही आपलं नळीतून बघत बसा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंबात करडं धुकं तरंगत होतं. त्या धुक्यातून एक देठ वर आला. टोकाला काचेसारखी घंटा. ती मिटली, देठ आखडला, मग सावकाश पुन्हा उमलली. शेजारी दुसरी, पलीकडे आणखी तीन. पाणी सुधारू लागलं की हे जीव परततात. या घंटा आता वाजतील की काय म्हणून मी श्वास रोखला.

काकांनीही नळीतून पाहिलं. "एवढ्याशा पोरी नदी धुणार?"

"धुतात, काका."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी तो नदीकाठी धरला होता. नुसता म्हशीच्या पाणी पिण्याचा संथ, लांबलचक आवाज. दिवा न लावता मी ऐकत राहिले. प्रत्येक घोटासरशी अंधारात एकेक घंटा उमलत होती.