दोन्हीकडं सारखं वजन

जिंतूर रोडच्या खड्ड्यांत सायकल आदळून ऑफिसच्या लॅपटॉपचा स्क्रीन दोनदा फुटला होता. "आता फुटला तर घरीच बसा," साहेबांनी सिद्धोधनला बजावलं होतं. शेवटी त्यानं कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायला ताडपत्रीच्या पिशव्या शिवून घेतल्या. लॅपटॉपच्या पिशवीला आतून जाड स्पंज लावला.

शिंपी म्हणाला, "एकीकडंच वजन झालं तर सायकल कलंडंल, भाऊ."

म्हणून दुसऱ्या पिशवीत दगड.

आज उशीर झाला. "तू भाकर खाय, पिशव्या मी भरते," माय म्हणाली. "दगडानं नवी पिशवी फाटाय नको."

ऑफिसात त्यानं लॅपटॉप उघडला. स्क्रीनभर तडे. त्यानं दुसरी पिशवी उघडली.



स्पंजाच्या गादीवर दगड सुखरूप होता.