हात खाली घ्यायचा नाही

कोर्सच्या पहिल्याच दिवशी सरांनी नियम घोकून घेतला होता. शिडाच्या होडीवरून कुणी पाण्यात पडलं, तर लाटांत तो नजरेआड होऊ नये म्हणून एकाने त्याच्याकडे हात रोखून धरायचा. माणूस वर येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

गेल्या वर्षी माझा दादा याच होडीवरून पडला. तेव्हा सरांनी सगळ्यांचे हात शिडं वाचवायला लावले आणि त्याला वाऱ्यावर सोडलं. तो सापडलाच नाही. मी त्याची बहीण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आज भर दुपारी त्यांनी सरावासाठी जुनं लाइफजॅकेट पाण्यात फेकलं. मी हात रोखला. होडी वळली, जॅकेट वर ओढून घेतलं.

"छान. हात खाली घे आता," सर म्हणाले.

"तो अजून वर आला नाही, सर."

"कोण?"

शेजारच्या काकांनीही हात उचलला. मग सुकाणूवरच्या बाईंनी. कुणी कुणाकडे बघितलं नाही. आमचे रोखलेले हात लाटांवरून सावकाश होडीकडे सरकले, मग कडेकडेने पाण्यातून वर चढायच्या मागच्या शिडीपाशी.

"पुरे झाली चेष्टा," शिडीकडे पाठ करून उभे असलेले सर हसले.

शिडी करकरली. आमचे हात त्यांच्या खांद्यामागे येऊन थांबले.

मग मी माझा हात खाली घेतला.