परवाना येईपर्यंत

“ताडपत्री काढू नकोस, दादा,” प्रतिभा म्हणाली. पण संपतनं ती काढलीच.

जीपच्या मागच्या भागात बिबट्या आडवा पडला होता. तोंडाला वाळलेला फेस, पुढचे पाय ताठ. प्रतिभाच्या हातात अर्धवट पेंढा भरलेला गावठी कोंबडा होता. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि पळत जाऊन अंगणाचं फाटक लावलं.

“विष घातलंस?”

“मेलेल्या शेळीला लावलं व्हतं. आज पहाटं उसाच्या कडंला पडलेला घावला.”

महिन्यापूर्वी संपतची सहा वर्षांची आरती घरामागून बिबट्यानं नेली होती. वनखात्यानं पिंजरे लावले, ते रिकामेच राहिले. तेव्हापासून मंचरकडच्या त्याच्या वाडीत पोरं घोळक्यानंच शाळेला जात. संपत एकदाही रडला नव्हता. त्याची बायको कुशाबाई उसाकडं तोंड करून ओट्यावर बसून असायची.

“कुशाला दाखवला ह्यो,” संपत म्हणाला. “ती म्हनली, ह्यो न्हवं. आरती उसात रडती म्हनती. रातभर कान लावून बसली व्हती. सकाळी आत शिराया निगाली, बायांनी धरून ठिवलीय. डोकं फिराया लागलंय तिचं.” त्यानं बहिणीकडं पाहिलं. “तू ह्याच्यात पेंढा भर. वट्यावर ठिवतो. रोज डोळ्यापुढं असला म्हंजी तिला पटंल, मेला म्हून.”

प्रतिभा नारायणगावात कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दोन वर्षं दर रविवारी ती पुण्याला जाऊन एका निवृत्त मास्तरांकडं मेलेल्या जनावरांत पेंढा भरायची ही विद्या शिकत होती. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिकायचं ते पाळीव कोंबडी-कबुतरांवर. रानातली साधी चिमणी मेलेली सापडली, तरी परवाना हातात येईपर्यंत सुरी लावायची नाही. रानातलं मेलेलं जनावर सरकारचं. आधी कळवायचं, मग बाकीचं. तिनं परवान्यासाठी अर्ज केला होता. पुढच्या आठवड्यात वनखात्याचे लोक तिचं काम बघायला येणार होते.

“मला परवाना न्हाई, दादा. कोंबड्याला चालतंय, ह्याला न्हाई.”

“परवाना?” संपतचा आवाज चिरकला. “ह्यानं काय परवाना घिऊन नेली व्हय माझी पोर?”

प्रतिभा आत गेली आणि सुरी घेऊन आली. भावाची कीव आली, हे खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं. असं कातडं आपल्या हाताखाली कधी येईल, हे तिनं कितीदा मनात आणलं होतं.

दोघांनी जनावर उताणं केलं. पहिला छेद कुठून घ्यायचा ते पाहायला तिनं पोटावरचे केस बाजूला सारले, बोटांनी दाबून पाहिलं. बोटं ओली झाली. रक्त नव्हतं. तिनं हात नाकाशी नेला.

मग तिनं सुरी खाली ठेवली.

“दादा, ही मादी हाय. पाजती व्हती.”

“मग?”

“वहिनीचं डोकं फिरलं न्हाई. उसात रडतंय कुणीतरी. पिल्लं हायेत हिची.”

संपत जीपच्या पायरीवर बसला. प्रतिभानं फोनकडं पाहिलं, पण उठली नाही. कळवलं तर भावाचं नाव येणार होतं. जनावर तिच्या अंगणात होतं, म्हणजे तिचंही. रस्त्यावरून टोमॅटोच्या गाड्या गेल्या.

“माणसांना आधी घावली तर दगडानं ठेचत्याल,” संपत अखेर म्हणाला. मग मान वर न करता म्हणाला, “लाव फोन. विष म्या घातलं म्हून सांग.”

पुढं संपतवर खटला झाला, तारखांना कोर्टात चकरा झाल्या. प्रतिभाचा अर्ज नामंजूर झाला. सुरी हातात घेतली होती, हे तिनं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं. आरतीला नेणारी हीच मादी होती का, ते कुणालाच कधी कळलं नाही.

पण त्या दिवशी, वनखात्याच्या गाडीमागून दोघं वाडीत पोचली, तेव्हा ओट्यावर कुशाबाई नव्हती. तिला धरून बसलेल्या बाया घाबऱ्याघुबऱ्या उसाकडं बोट दाखवत होत्या. माणसं काठ्या घेऊन लांब उभी होती. वनरक्षकानं सगळ्यांना मागं सारलं आणि तो बांधावर चढला.

तेवढ्यात उसातलं वाळलं पाचट वाजलं. कुशाबाई बाहेर आली. गालांवर, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. पदराचा झोळ तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. त्यात मांजराएवढी दोन पिल्लं होती. त्यांची तोंडं तिच्या लुगड्यात काहीतरी शोधत होती.

वनरक्षक पुढं झाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आरती न्हवती,” ती म्हणाली. “ही व्हती. तिच्यावानीच रडत्यात. ह्यांची आई कुठंय?”

संपतनं एकदा प्रतिभाकडं पाहिलं. मग तो खाली मातीत बसला आणि महिनाभर आवरलेलं सगळं त्याच्या घशातून बाहेर आलं.

“म्या मारली,” तो म्हणाला.

एक पिल्लू बारीक आवाजात रडलं. कुशाबाईनं पदर त्याच्यावर ओढून घेतला.

“मंग आता ह्यांना पाजनार कोन?”